ट्रंक मिळाली

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण त्या आठ अंगांपैकी गुडघ्यांना डॉक्टरांनी जमिनीला टेकायची मनाई केली आहे, तेव्हा कमरेच्या वरचा जेवढा पोचेल तेवढा नमस्कार गोड मानून घे. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी खुशाली कशी विचारावी हे मात्र कळत नाही. पाच महिन्यांपूर्वी तुझी डावी बाजू गेली हे मला भाचीने फोनवर सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी मी तिला विचारतो आणि ती दर रविवारी तेच सांगते, की पाय थोडा हलतो, हात नाही, समजतं सगळं पण चार शब्दांपलीकडे बोलायला दमतेस, आणि मामाचा फोन आहे म्हटलं की डोळे मिटून घेतेस. (डोळे मिटणं हे दुखण्यामुळे की माझ्यामुळे, हे डॉक्टरांना विचार असं मी तिला सांगितलं होतं. तिने विचारलेलं नाही.) म्हणून हे पत्र. फोन आला की डोळे मिटता येतात, पण पत्र कोणी मोठ्याने वाचायला लागलं तर कान मिटता येत नाहीत. चिमणे, तूच वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच, कंस गाळू नकोस, आणि मामाने काही वेडंवाकडं लिहिलं असेल तर ते मनाने सुधारून वाचायचा शहाणपणा करू नकोस. भाऊजींना माझा नमस्कार सांग. (त्यांचं कानातलं यंत्र बंद असेल तर खुणेने सांग.)

तर बातमी अशी, की मी पेटी शिकतो आहे. पेटी म्हणजे बाबांची पेटी, हार्मोनियम. (या एका शब्दावरून आपल्या दोघांत जे झालं ते लक्षात घेता आधीच स्पष्ट केलेलं बरं.) चिमणे, इथे जरा थांब, आईला हसायचं असेल. ज्याला बाबांनी सातव्या वर्षी ‘याचा कान मागाहून येणार आहे’ असं सांगून पेटीवरून उठवून लावलं, तो बासष्टाव्या वर्षी पुन्हा बसला आहे. कान अजून आलेला नाही. शर्टाच्या कारखान्यात कटिंगमास्तर म्हणून चाळीस वर्षं काढली, त्यामुळे उजव्या हाताला फक्त कातर समजते. पट्ट्यांवर बोटं ठेवली की अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपसूक कातरीच्या जागी जातात, आणि उरलेली तीन रजेवर असल्यासारखी वर उभी राहतात. मग हे कोणी सांगितलं होतं, असं तू विचारशील. कोणीच नाही. तुझा डावा हात गेला हे ऐकलं आणि पहिला विचार आला तो हा, की आता ताईला पेटी वाजवता येणार नाही. एका हाताने भाता मारायचा आणि दुसऱ्याने वाजवायचं, तर एकच हात असलेल्या माणसाने काय करायचं? दुसरा विचार आला, की मग आपण शिकावं, बाबांची ती संथ चाल बसवावी, गाडी पकडावी आणि तुझ्या पलंगाशेजारी बसून ती वाजवून दाखवावी. पाच महिन्यांत एक चाल. कारखान्यात मी एका दिवसात चारशे शर्ट कापले आहेत, तर एवढं काय अवघड आहे, असं मला वाटलं.

अवघड काय आहे ते पहिल्या दिवशी पेटी उघडली तेव्हाच कळलं. अकरा वर्षं ती खिडकीखालच्या कोपऱ्यात चादर पांघरून होती, आणि खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत असे. चादर काढली, झाकण उघडलं, भाता मारला, तर आवाजाऐवजी वारा आला, आणि वाऱ्याबरोबर कसरीचे दोन किडे. भात्याच्या घडीला एका बाजूने वीतभर चीर गेली होती. आता कापडाची चीर आणि मी, यात तिसऱ्या माणसाचं काय काम? कोटाच्या अस्तराचा चांगला तुकडा काढला, चीर सांधली, वरून बारीक शिलाई घातली, इंचाला अठरा टाके. इतकं सुंदर काम मी कारखान्यातही केलं नसेल. भाता मारला. पेटी पूर्वी एका भोकातून श्वास सोडत होती, ती आता दीडशे भोकांतून सोडायला लागली. सुई गेली की भोक पडतं, ही गोष्ट चाळीस वर्षं सुईदोऱ्यात घालवलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये? शेवटी पेट्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने भाता उजेडात धरला. शिलाईतून उजेडाची सरळ ओळ दिसत होती. तो इतका वेळ हसला की मला त्याला पाणी आणून द्यावं लागलं. मग म्हणाला, भाता शिवत नाहीत, चिकटवतात. माझं अस्तर मात्र त्याने फेकलं नाही, दुकानात टांगून ठेवलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

माझा क्लास वह्यापेन्सिलींच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर भरतो. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून तीस वर्षांनी लहान. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला काका म्हणतात, त्यामुळे कोणी कोणाला रागवायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून लोंबकळतो आहे. बाकीचे नऊ विद्यार्थी सात ते दहा वर्षांचे, आणि बाकं त्यांच्या मापाची. मी बसलो की माझे गुडघे कानाशी येतात. (तेच ते, मनाई असलेले.) पहिल्या दिवशी दोन वेण्यांच्या एका मुलीने मला विचारलं, की तुम्ही कोणाचे आजोबा? मी म्हटलं, कोणाचा नाही, मी शिकायला आलो आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं, ‘खूपदा नापास झाले असतील.’ आता ती सहाव्या धड्यावर आहे आणि मी दुसऱ्यावर, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत वहीची. बाईंचा नियम असा, की रोज अर्धा तास घरी वाजवायचं, वहीत तारीख टाकायची आणि ‘पालकांची सही’ या रकान्यात सही आणायची. पहिला आठवडा मी माझी मीच केली. बाईंनी वही परत दिली. म्हणाल्या, काका, नियम सगळ्यांना सारखा, स्वतःची सही चालणार नाही. मी घरी आलो आणि वही समोर ठेवून बसलो. बाबा नाहीत, आई नाही, लग्नाचं माप मला कधी बसलं नाही, त्यामुळे घरात सही करायला माणूस नाही. बासष्ट वर्षांच्या माणसाला आपण पोरके आहोत हे एका रकान्यावरून कळावं, याला काय म्हणावं? रडू आलं, खरंच सांगतो. मग डोळे पुसले आणि खालच्या मजल्यावर गेलो.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. तुला आठवत नसतील, तू यायचं बंद केल्यावर आले. भला माणूस आहे. माझा रियाज (हा शब्द मी उगाच वापरतो, सराव म्हण) सुरू झाल्यावर आठवडाभराने ते वर आले होते. मला वाटलं, तक्रार करणार. पण बसले, चहा घेतला, आणि म्हणाले की आजवर पेशंट खुर्चीत बसले की दात राहू दे, गोळीच द्या, म्हणून अडून बसत. आता म्हणतात, डॉक्टर, काय उपटायचं ते लवकर उपटा, पण मला इथून जाऊ द्या. त्यांचं काम दुपटीने वाढलं आहे. तेव्हा मी वही घेऊन गेलो आणि पालक व्हाल का म्हणून विचारलं. माणूस माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. त्यांनी हातमोजे काढले, पेन घेतलं, आणि रकान्यात लिहिलं, ‘ऐकलं. सहन केलं.’ खाली सही, आणि वर दवाखान्याचा शिक्का. त्या दिवसापासून माझी वही क्लासमध्ये हातोहात फिरते. शिक्का दुसऱ्या कोणाच्याच वहीत नाही.

एवढं सगळं करून चाल काही बसेना. याचं कारण ऐकशील तर मला वेड्यात काढशील. बाई म्हणाल्या, तुम्हाला कोणती चाल शिकायची आहे ती गुणगुणून दाखवा, मी सूर काढून देते. आणि मला ती गुणगुणता येईना. बाबांची चाल, रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर हात धुऊन ते वाजवायचे आणि नंतर तुझ्याकडून वाजवून घ्यायचे, ती. आपल्या घराबाहेर कोणी ती वाजवलेली मी ऐकली नाही, तिला नावही नव्हतं. मला वाटत होतं ती मला पाठ आहे. पण तोंड उघडलं तर एकही सूर हाताशी लागेना. जे पाठ होतं ते डाव्या हाताला. तीन लांब, दोन आखूड, मग थांबा, मग एक खूप लांब, संपतो संपतो असं वाटायला लावणारा. मी डोळे मिटून बाईंना नुसता भाता मारून दाखवला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, ‘काका, ही चाल नाही. हा दमा आहे.’ मुलं हसली, मीही हसलो. पण बाई हसल्या नाहीत. त्या समोर येऊन बसल्या, मला म्हणाल्या पुन्हा मारा, आणि समोरून वाकून त्यांनी उजव्या हाताने त्यांचंच काहीतरी वाजवायला घेतलं. मी भाता मारत राहिलो. त्या लांबवत तिथे मी हवा राखली, त्या थांबत तिथे मी थांबलो. किती वेळ गेला कोणास ठाऊक. दोन वेण्यांची मुलगी पाणी प्यायला निघाली होती, ती दारातच उभी राहिली. संपल्यावर बाई म्हणाल्या, तुमच्या उजव्या हाताला वाजवणं येणार नाही, हे तुम्हाला मी कधीतरी सांगणारच होते. पण हा डावा हात कुठे शिकलात?

ताई, मी बाईंना सांगितलं ते तुलाही सांगतो. तुला ते ठाऊक आहे, पण अर्धंच. तू बारा वर्षांची होतीस, मी आठ. तू सायकलवरून पडलीस आणि डावा हात कोपराजवळ मोडलास. सहा आठवडे प्लास्टर. बाबांना हाताइतकीच चिंता तुझा सराव मोडेल याची. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि पेटीच्या मागे बसवलं. म्हणाले, तू फक्त भाता मार, बाकी कशाला हात लावू नकोस. पहिल्या दिवशी मी सायकलच्या पंपासारखा मारला, पेटी किंचाळली, बाबा म्हणाले की तू लोहाराकडे बसलेला नाहीस. तू मात्र रागावली नाहीस. तू करंगळी किंचित उचललीस की श्वास संपवायचा, मान डावीकडे गेली की लांब घ्यायचा, असं आपलं दोघांचं ठरलं, आणि ते बाबांनाही कधी कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तू माझं नाव भात्या ठेवलंस. आपल्या घरात त्या सहा आठवड्यांइतकी चांगली पेटी कधी वाजली नसेल. बाबांनी एकदा तुझी पाठ थोपटली आणि हात तसाच पुढे आणून माझ्या डोक्यावर ठेवला. (चुकून ठेवला असेल. पण बराच वेळ ठेवला.)

तुला ठाऊक नाही ते पुढचं. प्लास्टर कापलं त्या दिवशी सगळे खूश होते. तू हात फिरवून फिरवून दाखवत होतीस. संध्याकाळी तू एकटी पेटीवर बसलीस, दोन्ही हातांनी, आणि मला कोणी बोलावलं नाही. बोलवायचं कारणच नव्हतं. मी मागच्या खोलीत कपाटाआड बसून रडलो. बहिणीचा हात बरा झाला म्हणून रडणारा भाऊ मी एकटाच असेन. आणि तिथे बसून मी मनात काय म्हटलं ते ऐक. तिचा हात मोडकाच राहायला हवा होता, असं म्हटलं. आठ वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी विसरलोही. पण पाच महिन्यांपूर्वी चिमणीने डावा हात गेला म्हणून सांगितलं, तेव्हा मला ते कपाट आठवलं. तेव्हापासून नीट जेवण जात नाही. अशा गोष्टी खऱ्या होत नसतात हे मला कळतं, पण कळून काय उपयोग?

आता ट्रंकेचा विषय. तो टाळून पत्र पुरं झालं असतं, पण तू म्हणशील की भाऊ मुद्द्यावर येत नाही. तर मुद्दा असा. अकरा वर्षांपूर्वी आईने शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून सांगितलं, की पेटी ताईला दे. मी दिली. पत्र्याची, हिरवी, दोन कड्यांची, आत आईचे दोन स्वेटर, जुने पडदे आणि डांबराच्या गोळ्या, झाकणावर माझ्या हाताने ‘पेटी’ असं लिहिलेला कागद. रेल्वेच्या पार्सलने तुझ्या दारापर्यंत पोचवली. यात माझं काय चुकलं? कोणताही शब्दकोश काढून बघ, पेटी म्हणजे झाकण असलेली, सामान ठेवायची वस्तू, असंच लिहिलेलं सापडेल. वाजवायचा अर्थ नंतर येतो. उलट टपाली तुझं कार्ड आलं. त्यावर दोन शब्द होते. ‘ट्रंक मिळाली.’ सही नाही, काळजी घे नाही. शेजारपाजारचे मला म्हणाले, यात वाईट वाटण्यासारखं काय, पोच दिली आहे. मीही अकरा वर्षं हेच म्हणत आलो. पण तेव्हापासून तू आली नाहीस. त्याआधी दर वर्षी शाळांना सुटी लागली की पंधरा दिवस यायचीस. तुझ्या दोन खोल्यांत पाच माणसं आणि एक शिवणाचं मशीन, पेटीला जागा नव्हती, म्हणून ती आईकडे होती आणि तू तिच्याकडे यायचीस. दारात चपला काढायच्या आधी विचारायचीस, पेटीला ऊन तर लागत नाही ना? मग माझ्याकडे बघून म्हणायचीस, काय भात्या. आता चिमणीकडून निरोप येतो, तोही ‘तुझ्या मामाला सांग’ असा. माझं नाव तू टाकलंस, हे मला ट्रंकेपेक्षा जास्त लागलं.

असो. पत्र लांबलं. तुला दम लागला असेल, म्हणजे चिमणीला. काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, सहज लिहिलं. औषधं वेळेवर घे. व्यायाम शिकवणारी बाई येते तिच्यावर खेकसू नकोस, चिमणी सांगत होती. उत्तराची घाई नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : सोबत माझ्या वहीचं एक पान फाडून पाठवलं आहे. या आठवड्याच्या सगळ्या तारखा टाकल्या आहेत, पालकांच्या रकान्यात मात्र जागा मोकळी आहे. दातांचे डॉक्टर गावाला गेले आहेत. आपल्या घरातलं माझ्याहून मोठं असं आता तूच एक उरलीस, तेव्हा नियमाप्रमाणे सही तुझीच हवी. तुझा उजवा हात चांगला चालतो असं कळतं.

ता. क. दुसरा : वर शब्दकोशाचं लिहिलं ते खोडून टाकणार होतो, पण शाईचा डाग पडला असता. ताई, आपल्या घरात ट्रंकेला कोणी कधी पेटी म्हटलं नाही. आईने नाही, बाबांनी नाही, मी नाही. ट्रंक म्हणजे ट्रंक आणि पेटी म्हणजे पेटी. आई काय म्हणाली ते मला तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधी कळलं होतं. झाकणावरच्या कागदावर ‘पेटी’ लिहून मी ते वरून पुन्हा गिरवलं, अक्षर बघितलंस तर दिसेल. तुझ्या कार्डावर दोनच शब्द होते, पण पहिल्या शब्दात तू मला पकडलंस. पेटी का ठेवली, तर वाजवायला नाही, विकायला नाही, तुझा हेवा म्हणूनही नाही. (तो होता थोडा.) आई गेल्यावर मी एकटा राहणार होतो. मला वाटलं, पेटी तुझ्याकडे गेली तर तू इकडे कशाला येशील? पेटी इथे राहिली तर सुटी लागली की येशील. एवढाच हिशेब केला होता. शर्टाचं माप कधी चुकलं नाही, हे चुकलं. मला क्षमा कर.

ता. क. शेवटचा : चिमणे, आता कागद आईच्या हातात दे आणि तू स्वयंपाकघरात जा. हे तिने स्वतः वाचायचं आहे. चष्मा उशीखाली असेल.

ताई, मागच्या रविवारी चिमणी म्हणाली, की तू अंथरुणात पडल्यापडल्या उजव्या हाताची बोटं पांघरुणावर हलवत असतेस. डॉक्टरांना ते नुसते झटके वाटतात. मी तिला विचारलं, सगळी बोटं सारखी हलतात का? ती म्हणाली, नाही, मधेच एक बोट खूप वेळ दाबून धरते आणि करंगळी वर उचलते. मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. ताई, तो झटका नाही. करंगळी उचलून तू कोणाला थांबवतेस ते मला ठाऊक आहे. चाल तुझ्याकडे आहे आणि श्वास माझ्याकडे, एकट्याने वाजवायची ती आता तुलाही जमणार नाही आणि मला तर कधीच जमली नाही. मला भात्यावर बसू दे. पलंगाशी पेटी लावू, मी मागे बसेन, बाकी कशाला हात लावणार नाही. आणि या वेळी हात बरा झाला तर मी कपाटाआड जाणार नाही, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवीन.

सहीच्या रकान्यात दोन शब्द मावतील. मागे दोनच लिहिले होतेस आणि ते खरे होते. आताही दोनच लिही, ‘पेटी आण’, एवढंच. पान कोरं आलं तरी मी समजेन, सोमवारी बाकावर जाऊन बसेन. पण पेटी मी बांधून दाराशी ठेवली आहे. वर कागदही चिकटवला आहे, आणि त्यावर या वेळी ‘हार्मोनियम’ असं लिहिलं आहे, म्हणजे कोणाची चूक व्हायला नको.

भात्या